'कॅव्हिल' वापरताना या चुका टाळा

लातूर-नांदेडच्या अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षेचे इंग्रजी शब्द पाठ करताना 'कॅव्हिल' (cavil) म्हणजे 'आक्षेप घेणे' एवढंच लिहून घेतलं जातं. घोटाळा तिथूनच सुरू होतो.

कॅव्हिल म्हणजे खुसपट काढणे, शब्दाचा कीस पाडणे. आक्षेप क्षुल्लक आहे, हा निवाडा शब्दातच आहे. टँकरच्या खेपा कागदावर जास्त आणि गावात कमी कशा, असं ग्रामसभेत कुणी विचारलं तर ते कॅव्हिल नव्हे. नोटिशीत 'टंचाई'वरचा अनुस्वार राहिला म्हणून सभाच रद्द करा, असा हट्ट कुणी धरला तर ते कॅव्हिल. वरच्या धरणांतून जायकवाडीला हक्काचं पाणी सुटत नाही, ही मराठवाड्याची रास्त तक्रार आहे. इंग्रजी निबंधात तिला कॅव्हिल म्हटलंत, तर आपलीच तक्रार आपण फालतू ठरवली. ही चूक मला सगळ्यात जास्त लागते.

'हुज्जत' हाही नेमका प्रतिशब्द नाही. हुज्जतीला समोर कुणीतरी लागतं, आवाज चढतो. कॅव्हिल एकटा माणूस शांतपणे, अर्ज लिहूनसुद्धा करतो. त्यापेक्षा न्यायशास्त्रातला, म्हणजे प्राचीन भारतीय तर्कशास्त्रातला, 'छल' जवळचा. त्यातलं वाक्छलाचं जुनं उदाहरण फार बोलकं आहे: एक जण म्हणतो, हा मुलगा 'नवकंबल' आहे, म्हणजे नवी घोंगडी पांघरलेला. दुसरा लगेच म्हणतो, नऊ कुठल्या? एकच तर दिसते! संस्कृतात 'नव' म्हणजे नवा आणि नऊही. अर्थ कळूनही न कळल्यासारखं करायचं. मूळ लॅटिन क्रियापदातही टवाळीची छटा होती. तिथून फ्रेंचमार्गे हा शब्द 16व्या शतकात इंग्रजीत आला.

'कार्प' (carp) या इंग्रजी शब्दाशी गल्लत करू नका. त्यात सततची कुरकुर असते, कॅव्हिल एकदाही करता येतं.

वाक्यात पुढे 'ॲट' किंवा 'अबाउट' येतं. 'ही कॅव्हिल्ड मी' असं लिहू नका, 'ही कॅव्हिल्ड ॲट द प्राइस' लिहा. नाम म्हणूनही चालतो: 'अ मायनर कॅव्हिल'. उच्चारात जोर 'कॅ'वर. 'इंग' लावताना ब्रिटिश पद्धतीत दोन एल, अमेरिकन पद्धतीत एक. एकाच उत्तरपत्रिकेत दोन्ही नकोत.