बेडकांचा जनुकक्रम ताडून पाहताना दुसरी प्रत पुसू नका

जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकणाऱ्यांना आफ्रिकेतील बेडकांच्या मायटोकॉन्ड्रियल जीनोमची (पेशीतील मायटोकॉन्ड्रियांच्या स्वतःच्या डीएनएची) उत्क्रांती अभ्यासायची असेल, तर त्यासाठी एकही बेडूक पकडावा लागत नाही. जेनबँक या सार्वजनिक डीएनए संग्रहातील संपूर्ण अनुक्रम विनामूल्य उतरवून घेता येतात आणि साधा संगणक पुरतो.

सुरुवात आफ्रिकेतीलच झेनोपस लेव्हिस या बेडकापासून करावी. १९८५ साली प्रसिद्ध झालेला त्याचा १७,५५३ बेस जोड्यांचा (डीएनएच्या अक्षरजोड्यांचा) जीनोम पृष्ठवंशीयांचा नेहमीचा क्रम दाखवतो: प्रथिनांची १३ जनुके, प्रथिने बनवण्यास मदत करणाऱ्या आरएनएंची जनुके म्हणजे २२ टीआरएनए व २ आरआरएनए, आणि नियंत्रण क्षेत्र. जीनोम वर्तुळाकार असल्यामुळे प्रत्येक अनुक्रम फेनिलअ‍ॅलनिनच्या टीआरएनएपासून सुरू होईल असा फिरवून घ्यावा. एरवी सारखेच क्रम वेगळे भासतात. मग जनुकांची नावे एका ओळीत मांडून डीएनएच्या विरुद्ध धाग्यावरील एनडी६ हे प्रथिनाचे जनुक व ८ टीआरएनए अधोरेखित करावेत.

त्याखाली दक्षिण आफ्रिकेतील, जमिनीत बीळ करून राहणाऱ्या ब्रेव्हिसेप्स अ‍ॅडस्पर्सस या बेडकाची ओळ लिहावी. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला त्याचा जीनोम सुमारे २८,८०० बेस जोड्यांचा, त्या वेळी पृष्ठवंशीयांत ज्ञात असलेला सर्वांत मोठा होता. ही वाढ नव्या जनुकांची नाही. एखादा पट्टा दोनदा नकलला जातो, पुढे दोन प्रतींपैकी कधी ही तर कधी ती निकामी होते, आणि त्यातून क्रम बदलतो. म्हणून दोन जनुकांमधील निरर्थक वाटणारे तुकडेही नीट तपासावेत.

खरी कसोटी येथेच लागते. तापीकाठी पहिल्या जोरदार पावसात ज्याचे नर पिवळेधमक होऊन ओरडतात, त्या आपल्या हॉप्लोबॅट्रॅकस टायगरिनस या बेडकामध्ये एनडी५ या प्रथिनाच्या जनुकाच्या दोन प्रती आहेत आणि त्या जवळपास तंतोतंत सारख्या आहेत. (याच प्रजातीसमूहातील हॉप्लोबॅट्रॅकस ऑक्सिपिटॅलिस आफ्रिकेत राहतो, म्हणून ही तुलना मुद्दाम करावी.) सुमारे १५० बेसच्या आखूड वाचनांवरून (यंत्राने वाचलेल्या डीएनएच्या तुकड्यांवरून) जीनोम जुळवला, तर अशा दोन प्रतींची सहज एकच होते. त्या भागावर वाचनांची दाटी शेजारच्या भागाच्या दुप्पट दिसली, तर दुसरी प्रत असल्याचा संशय घ्यावा आणि शक्य असल्यास लांब वाचनांनी खात्री करावी. जनुके ओळखून दाखवणाऱ्या मायटॉससारख्या संगणकीय साधनाने जनुक दोनदा दाखवल्यास ती चूक समजून खोडू नये.

वंशवृक्ष काढताना अशा जनुकाची एकच प्रत घ्यावी. जनुकक्रमातील बदल मात्र स्वतंत्र लक्षण म्हणून वेगळ्या तक्त्यात नोंदवावेत.