घरी आर्केड कॅबिनेट बनवायचंय? प्लायला करवत लावायच्या आधीची तयारी

आर्केड कॅबिनेट म्हणजे गेम पार्लरमधली ती उभी पेटी, स्क्रीन, स्टिक आणि बटणंवाली. ती घरी करायची तर सगळ्यात आधी एक कागद घ्या आणि कुठले गेम खेळणार ते लिहा, खरोखर खेळणार तेवढेच, आठ-दहा पुरे. लई जण हेच सोडून देतात आणि डायरेक्ट प्लायचा भाव विचारायला जातात, पण बाकीची सगळी यादी या कागदावरनंच निघते. आपण सगळे ज्याला मुस्तफा म्हणायचो तो कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स, कॅपकॉमचा 1993 चा, त्याला बटणं दोनच लागतात पण एकावेळी तिघं खेळतात, म्हणजे तिसरी स्टिक आली आणि पॅनेल, म्हणजे स्टिक-बटणांची फळी, गेलं तीन फुटाच्या आसपास. स्ट्रीट फायटर टू पाहिजे तर माणशी सहा बटणं. मेटल स्लग, किंग ऑफ फायटर्स हे निओ जिओ नावाच्या मशीनवाले, त्यांना चार बास. पॅकमॅनला तर बटणच नाही, नुसती स्टिक, पण ती फोर-वे, म्हणजे चारच दिशांची लागते, आठ दिशांच्या एट-वे स्टिकवर वळताना हात जरा तिरका गेला की वळण हुकतं आणि मागनं भूत येतंच. डाँकी काँगच्या शिडीवर पण तीच बोंब. काही स्टिकच्या खालची प्लेट फिरवली की एट-वेची फोर-वे होते, घेताना तसली बघून घ्या. माझं मत विचाराल तर पहिलं कॅबिनेट दोन प्लेअरचं, सहा-सहा बटणं, मुस्तफा दोघांनी खेळायचा. तिसरा थांबेल की, पार्लरला पण थांबायचाच.

जागा मोजताना नुसता कोपरा मोजू नका, दार मोजा. जुळे सोलापुरात नवीन अपार्टमेंटला लिफ्ट असते तरी खोलीचं दार बघायला लागतं, आणि पेठेतल्या जुन्या घरात वरच्या मजल्यावर ठेवायचं असेल तर जिन्याचं वळण आधी बघा, फुल साइज कॅबिनेट जवळजवळ सहा फूट उंच असतं, ते वळत नाही. तिथं बारटॉप करा, म्हणजे टेबलावर ठेवायचं छोटं, किंवा खालचा बॉक्स वेगळा आणि वरचा वेगळा करून बोल्टनं जोडायचं. उभं राहून खेळायचं असेल तर पॅनेलची उंची जमिनीपासून तीन फूट ते सव्वातीन फूट धरा, घरात पोरं लहान असतील तर त्यांच्यासाठी एक पाट ठेवा, कॅबिनेट बुटकं करू नका.

स्क्रीनसाठी नवीन टीव्ही आणायची काही गरज नाही. जुने गेम चौकोनी स्क्रीनचे, त्यामुळं ऑफिसातनं निघालेला 19 इंची, 1280 बाय 1024 वाला मॉनिटर एकदम बसतो, जुन्या कॉम्प्युटरच्या दुकानात विचारा. घेताना दोन गोष्टी बघा, मागं स्टँडचे चार स्क्रू 75 नाहीतर 100 मिलीमीटरच्या चौकोनात आहेत का, आणि खालनं-वरनं बघितल्यावर रंग काळपट तर होत नाहीत ना. कॅबिनेटमध्ये स्क्रीन मागं कललेला असतो त्यामुळं स्वस्तातल्या टीएन पॅनेलला लगेच फरक दिसतो, आयपीएस, म्हणजे तिरकं बघितलं तरी रंग न बदलणारा, मिळाला तर थोडे पैसे जादा द्या. पॅकमॅन, गॅलागा, 1942 हे मुळात उभ्या स्क्रीनचे, आडव्यावर दोन्ही बाजूला काळे पट्टे येतात, येऊ देत. आणि कुणी म्हणालं की जुना डबा टीव्ही घाल, खरा फील येतो, तर फील येतो हे खरंय, पण त्याचं मागचं कव्हर उघडायचं नाही, पिक्चर ट्यूबवर हजारो व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावर पण चार्ज राहतो. त्यातला माहीतगार माणूस असेल तरच.

आता बटणं. इथं थोडं थांबून वाचा कारण लाकूडकाम आणि बटणं एकमेकांवर अवलंबून आहेत. बटणं दोन जातीची. जपानी टाइपची, सानवा कंपनीची आणि त्यांच्या कॉप्या, 30 मिलीमीटरच्या भोकात खटकन बसतात, पण त्यातली क्लिपवाली बटणं पातळ पत्र्यासाठी बनवलेली असतात, 18 मिलीमीटरच्या प्लायमध्ये त्यांची क्लिप कुठं अडकतच नाही. अमेरिकन टाइपची लांब आट्यांची असतात, खालनं नट लावून आवळायची, ती जाड लाकडात मस्त बसतात. त्यामुळं एकतर पॅनेलला वर पातळ पत्रा किंवा अॅक्रिलिक घ्या आणि खालच्या प्लायला मोठं भोक पाडा, नाहीतर सरळ लांब आट्यांची बटणं घ्या. स्टिकचं पण तेच, 18 मिलीमीटर प्लायच्या खालनं बसवली तर दांडी वर आखूड राहते आणि मूठ हातात येत नाही, म्हणून खालनं लाकूड राउटर मशीननं कोरून पातळ करायला लागतं. हे मिस्त्रीला आधीच सांगा. भोकासाठी साधा बिट नाही चालत, 28 नाहीतर 30 चा होल सॉ, म्हणजे गोल करवत, लागतो, तो त्याच्याकडं असेलच असं धरून चालू नका. बटणांच्या वायरीची लग, म्हणजे टोकाची पत्र्याची क्लिप, पण बघा, सानवा टाइपला 2.8 मिलीमीटरची बसते, अमेरिकन बटणाखालच्या छोट्या स्विचला, म्हणजे मायक्रोस्विचला, 4.8 ची.

हे सगळं यूएसबीला जोडायला एन्कोडर बोर्ड लागतो, झीरो डिले नावानं ऑनलाइन मिळतो, प्रत्येक प्लेअरला एक. दोन सारखेच बोर्ड लावले की सिस्टीमला दोघांचं नाव एकच दिसतं आणि कधीकधी चालू केल्यावर एक नंबर दोन नंबर होतो, म्हणून कुठला बोर्ड कुठल्या पोर्टला ते ठरवून तिथं चिठ्ठी चिकटवा, किंवा दोन्ही प्लेअर एकाच बोर्डवर घेणारा एन्कोडर घ्या.

डोकं म्हणून रास्पबेरी पाय, म्हणजे पत्त्याएवढा छोटा कॉम्प्युटर, घ्यायचा का जुना पीसी, यावर भांडणं होतात. नव्वदीपर्यंतच्या गेमला पाय 4 भरपूर झाला, पण त्याला 5 व्होल्ट 3 अँपिअरचा चांगला अॅडॉप्टर पाहिजे, मोबाइलचा जुना चार्जर लावला की स्क्रीनवर विजेचं चिन्ह येत राहतं. मला विचाराल तर ऑफिसातला जुना आय3 किंवा आय5 पीसी घ्या आणि पेन ड्राइव्हवर बॅटोसेरा, म्हणजे जुने गेम चालवणारी फुकट सिस्टीम, टाका, पैसे तेवढेच जातात आणि ताकद जास्त. दुसरं कारण आपल्या सोलापूरचं ऊन. मे महिन्यात बाहेर 43 असताना बंद लाकडी पेटीत काय होत असेल विचार करा, पाय तर 80 डिग्रीला स्वतःचा वेग कमी करायला लागतो. काहीही घेतलं तरी मागं वर एक एक्झॉस्ट फॅन आणि खाली जाळीची भोकं पाहिजेतच, गरम हवा वरनं निघते आणि खालनं गार येते, दोन्ही भोकं एकाच उंचीवर पाडून उपयोग नाही. जाळी बारीक लावा, धूळ आपल्याकडं कमी नाही.

लाइट जाते हे पण धरून चाला. चालू असताना एकदम बंद झालं की मेमरी कार्ड करप्ट होऊ शकतं, त्यामुळं इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या किंवा छोटा यूपीएस ठेवा, आणि सेटिंग झालं की पूर्ण कार्डची एक कॉपी काढून ठेवा. अर्थिंगवाला थ्री-पिन बोर्ड आत स्क्रूनं बसवा. आवाजासाठी कॉम्प्युटरचे जुने स्पीकर उघडून लावले तरी झालं, फक्त आवाजाचं बटण बाहेर हाताशी येऊ द्या, दुपारी शेजारी झोपलेले असतात.

रॉमबद्दल, म्हणजे गेमच्या फाइलबद्दल, थोडक्यात. हजारो गेम भरलेलं कार्ड विकायला असतं, त्यात निम्मं एकच गेम परत परत, आणि कॉपीराइट असलेल्या गेमची ती चोरीची कॉपीच झाली. मेम म्हणजे आर्केडचे गेम कॉम्प्युटरवर चालवणारं सॉफ्टवेअर, त्याच्या साइटवर ग्रिडली, रॉबी रोटो असे थोडे गेम मालकांनी खाजगी वापराला मोकळे केलेत, सेटिंग जमवायला ते बास आहेत, आणि पीसीत विंडोज ठेवलं तर कॅपकॉमचे जुने गेम स्टीम या ऑनलाइन दुकानात विकत मिळतात. मेम 1997 पासून चालू आहे आणि व्हर्जनप्रमाणं रॉमचा सेट बदलत गेलाय, मेम 2003 या जुन्या व्हर्जनच्या कोअरला 0.78 चा सेट लागतो, दुसरा टाकला तर बरेच गेम उघडतच नाहीत आणि माणूस वायरी तपासत बसतो. निओ जिओला बायोस, म्हणजे मशीन चालू करणारी, वेगळी फाइल लागते.

हे सगळं हातात आलं की टेबलावर जोडा. पुठ्ठ्याच्या खोक्याला भोकं पाडून बटणं बसवा, दोघं शेजारी उभे राहा आणि एक तासभर खेळा, कोपर कोपराला लागतंय का, बटणं हाताला लांब पडतात का ते तिथंच कळतं, आणि पुठ्ठा बदलायला पैसे लागत नाहीत. मग मापं काढा. मिस्त्री पाऊण इंची प्लाय म्हणतो ती 18 मिलीमीटर असते, आतली रुंदी काढताना मॉनिटर अधिक दोन्ही बाजूचं थोडं अंतर धरा आणि बाहेरची काढताना त्यात दोन बाजूंच्या प्लायचे 36 मिलीमीटर मिळवा. एमडीएफ स्वस्त आणि कापायला गुळगुळीत, पण रोज फरशी पुसणाऱ्या घरात खालनं फुगतो, प्लायच घ्या, वाळवीचं औषध मारलेली, आणि खाली चाकं किंवा रबरी पाय लावून घ्या. मागचं दार बिजागरीवर. वरच्या मार्कीची, म्हणजे नावाच्या पाटीची, प्रिंट फ्लेक्सवाल्याकडनं बॅकलिट, म्हणजे मागनं लाइट दिसणाऱ्या, मटेरियलवर काढा, पण पेटी तयार झाल्यावर मोजून, ड्रॉइंगच्या मापावर नाही. आणि बटणांच्या ऑर्डरमध्येच चार मायक्रोस्विच, दोन बटणं आणि मूठभर लग जादा टाका, नंतर एका स्विचसाठी परत कुरियरचे पैसे भरायला लागतात.