पोलीस मुलाखतीत ‘आम्ही’ नको, ‘मी’ म्हणा

इंग्लंड-वेल्समध्ये पोलीस कॉन्स्टेबल होऊ पाहणाऱ्या आपल्या मुलामुलींसाठी एक सांगणं. तिथल्या क्षमताधारित मुलाखतीत ‘तुम्ही काय कराल?’ यापेक्षा ‘अशा प्रसंगी तुम्ही काय केलंत?’ हेच विचारतात. कॉलेज ऑफ पोलिसिंग (तिथल्या पोलिसांची निकष ठरवणारी व्यावसायिक संस्था) हिच्या आराखड्यात 6 क्षमता आहेत: जबाबदारी घेणं, भावनिक जाण, सहकार्य वगैरे. प्रत्येकीसाठी स्वतःचा एक खरा प्रसंग आधीच लिहून काढा.

आपण अडखळतो ते इथे. ‘मी केलं’ म्हणणं आपल्याला बढाई वाटते, म्हणून ‘आम्ही सगळ्यांनी मिळून केलं’ म्हणतो. पण गुण तुम्हाला द्यायचे असतात, गटाला नाही. परिस्थिती दोन वाक्यांत संपवा. उरलेला वेळ ‘मी काय केलं, का केलं, परिणाम काय झाला’ यावर घालवा. दुकानात चिडलेल्या गिऱ्हाइकाला कसं शांत केलंत, हा प्रसंगही चालतो. शौर्यकथाच हवी असं मुळीच नाही.

घड्याळ लावून मोठ्याने बोला, मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका. पाठ केलेलं उत्तर लगेच ओळखू येतं, म्हणून मुद्देच लक्षात ठेवा.