सिंगापूरला गेलात तर माझूच्या देवळात जा, आणि असं जा

सिंगापूरच्या ट्रिपमध्ये सगळे सेंटोसा बेट आणि मुस्तफामधलं शॉपिंग करून येतात, पण तेलोक आयर स्ट्रीटवरचं थियान हॉक केंग, म्हणजे माझू या चिनी समुद्रदेवीचं देऊळ, बहुतेकांचं राहून जातं. एमआरटीच्या (तिथली मेट्रो) डाउनटाउन लाइनवर तेलोक आयर स्टेशनला उतरा, तिथून चालत काही मिनिटं. तिकीट नाही. सकाळी साडेसातच्या सुमाराला उघडतं आणि संध्याकाळी पाचच्या आसपास बंद होतं, त्यामुळे 'दिवसभर फिरून मग जाऊ' असं ठरवलंत तर बंद दार बघून परत याल. शक्यतो सकाळीच जा, दुपारी ऊन पण मरणाचं असतं आणि टूर ग्रुप पण.

आत शिरायच्या आधी एक काम करा, देवळाकडे पाठ करून रस्त्याकडे बघा. आता समोर ऑफिसच्या बिल्डिंगा दिसतात ना, तिथे पूर्वी समुद्र होता, ही गल्ली म्हणजेच किनारा. पुढे भराव घातला आणि समुद्र लांब गेला. चीनच्या फुजियान प्रांतातून जहाजाने आलेले होक्किएन लोक उतरले की आधी इथे येऊन माझूचे आभार मानायचे, जिवंत पोचलो म्हणून. आपले कोळी नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ का देतात हे ज्याला कळतं त्याला हे वेगळं समजवायला नको. आधी साधी घुमटीच होती, आत्ताचं देऊळ १८३९ ते १८४२ मध्ये बांधलं, माझूची मूर्ती १८४० ला चीनहून आली.

आता आत जाताना. उंबरठा मुद्दाम उंच आहे, त्यावर पाय द्यायचा नाही, ओलांडायचा. मधलं दार देवाचं, आपण आपल्या उजव्या हाताच्या दाराने आत आणि डावीकडच्याने बाहेर. चपला काढायच्या नाहीत (आपल्याला पाच मिनिटं चुकल्यासारखं वाटतं, पण सगळे घालूनच असतात). शॉर्ट्स चालतात तरी खांदे-गुडघे झाकलेले बरे. फोटो काढा पण फ्लॅश नको, आणि कोणी हात जोडून उभं असेल तर त्याच्या तोंडासमोर मोबाइल धरू नका प्लीज.

आत गेल्यावर आधी मान वर करा. मूळ लाकूडकाम खिळे न वापरता खाचा-जोडांवर उभं केलंय असं सांगतात. आणि शिरतानाच्या हॉलमध्ये तुळया पेलणारी भारतीय चेहऱ्याची माणसं कोरलीयत, ती शोधाच, मला सगळ्यात जास्त तीच आवडली. माझूच्या दिमतीला दोन राखणदार असतात, एकाला हजार मैलांवरचं दिसतं, दुसऱ्याला वाऱ्यावरचं ऐकू येतं, म्हणजे बुडणारं जहाज सुटायला नको. मागच्या बाजूला ग्वानयिन आहे, ती म्हणजे आपला अवलोकितेश्वरच, बौद्धांचा करुणेचा बोधिसत्त्व, चीनमध्ये जाऊन देवी झालेला. कान्हेरीच्या ९० नंबरच्या लेणीत हाच अवलोकितेश्वर संकटातल्या लोकांना वाचवताना कोरलाय, त्या संकटांत जहाज बुडणं पण आहे!

कोणी चंद्रकोरीसारखे दोन लाकडी तुकडे जमिनीवर टाकताना दिसलं तर तो खेळ नाही, कौल लावणं चाललंय. एक सपाट बाजू वर आणि एक फुगीर, तर देवीचा होकार. दोन्ही फुगीर म्हणजे नाही. दोन्ही सपाट पडले तर देवी हसतेय, प्रश्न परत नीट विचार. कोकण-गोव्याकडच्या माणसाला हे बघून एकदम घरच्यासारखं वाटेल.

चैत्र-वैशाखाच्या आसपास जाणार असाल तर चिनी तिसऱ्या महिन्याची २३ तारीख कधी येते ते बघून ठेवा, तो माझूचा वाढदिवस, गर्दी असते पण मजा पण तेव्हाच.

निघाल्यावर त्याच रस्त्यावर काही पावलांवर नागोर दर्गा आहे, तमिळ मुसलमानांनी १८२८-३० मध्ये बांधलेला, तोही बघून घ्या. मग देवळाच्या मागे अमॉय स्ट्रीटवर जा, तिथल्या भिंतीवर या स्थलांतराचं लांबच्या लांब चित्र रंगवलंय, फोटोसाठी मस्त. जेवायला अमॉय स्ट्रीट फूड सेंटर जवळच आहे, फक्त तिथे ऑफिसवाल्यांची गर्दी असते म्हणून बाराच्या आत पोचा, आणि शनिवार-रविवारी बरेच स्टॉल बंद असतात, त्या दिवशी सरळ लाऊ पा सात हे दुसरं फूड सेंटर गाठा.