मोकळ्या प्लॉटवरचं रान आणि महापालिका: तक्रार करताना या चुका टाळा

जूनच्या मध्यावर नागपुरात पाऊस लागतो आणि महिन्याभरात लेआउटमधले, म्हणजे प्लॉट पाडून विकलेल्या वसाहतींमधले, मोकळे प्लॉट कमरेएवढ्या रानाने भरून जातात. मनीषनगर घ्या, दिघोरी घ्या, मानकापूर घ्या, दोन बांधलेल्या घरांच्या मध्ये एक कोरा प्लॉट असतोच. मालक पुण्याला किंवा परदेशात, नाहीतर भावाभावांत वाटणीचा वाद. शेजारी दरवर्षी तक्रार करतात आणि दरवर्षी एकच उत्तर ऐकतात: प्लॉट खाजगी आहे, आम्ही काय करणार?

हे उत्तर मान्य करून परत येणं ही पहिली चूक. खाजगी जागा अस्वच्छ असेल आणि तिचा आजूबाजूला त्रास होत असेल, तर मालकाला ती साफ करायला सांगण्याचा अधिकार महापालिकेला आहे. त्याने ऐकलं नाही तर स्वतः साफ करून खर्च त्याच्याकडून वसूल करण्याचाही आहे. तरीही काम अडतं, आणि त्याला नुसती उदासीनता कारण नसते. आपल्या तक्रारीत नोटीस काढण्यापुरती माहितीच नसते. नोटीस कुणाच्या नावाने, कोणत्या जमिनीसाठी आणि कशाबद्दल काढायची, हे तीन धागे तक्रारीत असले की फाईल सरकते.

पत्त्याऐवजी खुणा लिहिणं

"शर्मांच्या घरासमोरचा प्लॉट" किंवा "हनुमान मंदिराच्या मागे" एवढ्या वर्णनावर कोणताही निरीक्षक नोटीस बनवू शकत नाही. त्याला मौजा (महसुली गाव), खसरा (जमिनीचा) क्रमांक, लेआउटचं नाव आणि प्लॉट क्रमांक लागतो. लेआउटचा मंजूर नकाशा बहुतेक सोसायट्यांच्या जुन्या पदाधिकाऱ्यांकडे असतो. नसेल तर तुमच्या स्वतःच्या विक्रीपत्रातली चतुःसीमा काढून बघा. तुमच्या पूर्वेला किंवा उत्तरेला कोणता प्लॉट आहे, हे तिथे लिहिलेलं असतं. ही युक्ती साधी आहे, पण फार थोड्या लोकांना सुचते.

प्लॉट क्रमांक हाती आला की मालकाचं नाव शोधता येतं. जुन्या शहरी भागात नगर भूमापन कार्यालयाची आखीव पत्रिका (मालकी दाखवणारा उतारा), बाहेरच्या भागात सातबारा. दोन्ही महाभूलेख या शासकीय संकेतस्थळावर बघता येतात. महापालिका मोकळ्या प्लॉटवरही मालमत्ता कर लावते, त्यामुळे तिच्या झोनच्या (विभागीय कार्यालयाच्या) कर विभागातही नोंद असण्याची शक्यता असते. त्या प्लॉटचा इंडेक्स क्रमांक (मालमत्ता कराचा क्रमांक) मिळाला तर तक्रारीत जरूर टाका. लेआउट गृहनिर्माण संस्थेने पाडलेला असेल, तर सातबाऱ्यावर अजून संस्थेचंच नाव दिसू शकतं. अशा वेळी कोणता प्लॉट कोणत्या सभासदाला दिला, हे संस्थेच्या सचिवाला विचारावं लागतं. धरमपेठ, सिव्हिल लाइन्सकडे नझूलची, म्हणजे शासनाच्या मालकीची, जमीन भेटते. तिथे कागदावर शासन असलं तरी जमीन भाडेपट्ट्याने ज्याच्या ताब्यात आहे, त्याचं नाव लिहा.

सोबत दोन फोटो पुरतात. एक रस्त्यावरून, ज्यात विजेचा खांब आणि त्यावरचा क्रमांक दिसेल. दुसरा आतल्या त्रासाचा. तारीख आणि ठिकाण उमटणारं कॅमेरा अ‍ॅप वापरा.

चुकीच्या दारात उभं राहणं

नागपुरात हा घोळ इतर शहरांपेक्षा जास्त आहे, कारण इथे जमिनीवर अनेकांचा कारभार चालतो. महापालिकेचे दहा झोन आहेत: लक्ष्मीनगर, धरमपेठ, हनुमाननगर, धंतोली, नेहरूनगर, गांधीबाग, सतरंजीपुरा, लकडगंज, आशीनगर आणि मंगळवारी. त्याशिवाय नागपूर सुधार प्रन्यास आहे, जिच्याकडे गुंठेवारीतल्या, म्हणजे परवानगी न घेता पाडलेल्या, शेकडो लेआउटच्या नियमितीकरणाचं काम आहे. ५७२ आणि १९०० लेआउट हे अशा लेआउटच्या दोन याद्यांचे शब्द इथल्या प्लॉटधारकांना पाठ असतात. शहराच्या हद्दीबाहेर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आणि ग्रामपंचायती किंवा नगरपंचायती. बेसा-पिपळ्याला स्वतंत्र नगरपंचायत आहे, तर हुडकेश्वर-नरसाळा २०१३ मध्ये महापालिकेत आलं. रस्त्याच्या एका बाजूला एक कार्यालय आणि दुसऱ्या बाजूला दुसरं, असंही घडतं.

म्हणून तक्रारीआधी एक प्रश्न सोडवा: ही जागा नक्की काय आहे? खाजगी प्लॉट असेल तर झोनचे सहायक आयुक्त आणि स्वच्छता विभाग. लेआउटमध्ये बागेसाठी किंवा सार्वजनिक उपयोगासाठी सोडलेली ओपन स्पेस असेल, तर ती महापालिकेकडे आहे की प्रन्यासकडे, हे आधी विचारा. तिथे मालकाला नोटीस द्यायचा प्रश्न नाही, ज्या संस्थेच्या ताब्यात जागा आहे तिनेच साफ करायची आहे. नाल्याकाठची, रेल्वेची किंवा सरकारी क्वार्टरची जागा असेल तर त्या विभागाला पत्र आणि झोनला प्रत. शंका असेल तर एकच पत्र दोघांच्या नावाने द्या आणि "आपल्या अखत्यारीत नसल्यास संबंधित कार्यालयाकडे वर्ग करून आम्हाला कळवावे" हे वाक्य शेवटी लिहा. माहिती अधिकार कायद्याखालच्या अर्जाचं कार्यालयाला पाच दिवसांत हस्तांतरण करावं लागतं. साध्या तक्रारीला अशी मुदत नाही, म्हणून हे वाक्य लागतं.

"गवतामुळे डेंग्यू" असं लिहिणं

ही चूक मला सगळ्यात महागाची वाटते, कारण तक्रार खरी असूनही ती एका वाक्याने खोडून निघते. डेंग्यू पसरवणारा एडिस डास गवतात अंडी घालत नाही. त्याला साचलेलं, बऱ्यापैकी स्वच्छ पाणी लागतं: टायर, शहाळी, थर्माकोलच्या प्लेट्स, फुटकी बादली, अर्धवट बांधकामाचं टाकं. अंड्यापासून डास व्हायला पावसाळ्यात आठ-दहा दिवस पुरतात. रान त्याला फक्त सावलीत बसायला जागा देतं आणि त्या वस्तू आपल्या नजरेआड ठेवतं. तेव्हा "प्लॉटवर गवत वाढले आहे" यापेक्षा "प्लॉटवर पाच टायर असून त्यात पाणी साचले आहे, अळ्या दिसत आहेत" असं लिहा आणि प्रत हिवताप व हत्तीरोग विभागाला द्या. अळ्या सापडल्या की तो विभाग स्वतःच येऊन बघतो.

रानाचा थेट आजार सांगायचाच असेल तर स्क्रब टायफस सांगा. झुडपांत आणि उंच गवतात राहणाऱ्या बारीक किड्याच्या पिल्लांच्या, म्हणजे चिगरच्या, चावण्याने तो होतो. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि विदर्भात त्याचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले होते आणि माणसं दगावलीही होती. चावलेल्या जागी काही जणांना काळपट खपली दिसते. ताप अंगावर न काढता डॉक्टरला झुडपांजवळ वावर असल्याचं सांगितलं तर निदान लवकर होतं. उंदीर या किड्यांना जगवतात आणि उंदरांना जगवतो प्लॉटवर टाकलेला कचरा. ही साखळी तक्रारीत दोन ओळींत मांडा.

साप दिसला तर तोही लिहा, पण मारू नका; साप वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहेत. सर्पमित्राला बोलवा.

आपलाच कचरा तिथे असणं

कडू आहे, पण सांगायला हवं. निरीक्षक येतो तेव्हा प्लॉटच्या कडेला शेजाऱ्यांच्याच बागेतल्या फांद्या, निर्माल्य, फरशीचे तुकडे आणि बांधकामाचा मलबा पडलेला असतो. मग नोटीस बाजूला राहते आणि वाद सुरू होतो. तक्रार देण्याआधी गल्लीतल्या सगळ्यांनी मिळून हे थांबवा. बाहेरचा कोणी रात्री मलबा टाकत असेल तर गाडीच्या क्रमांकासह ती स्वतंत्र तक्रार करा. महापालिकेचं उपद्रव शोध पथक यासाठीच आहे.

आग लावणं, विष मारणं, स्वतःच कापून टाकणं

वाळलेलं रान पेटवून मोकळं होण्याचा मोह दिवाळीनंतर होतो. त्यात कचरा जळतोच, आणि उघड्यावर कचरा जाळण्यावर राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये पाच हजार रुपये, मोठ्या प्रमाणावर जाळल्यास पंचवीस हजार रुपये भरपाई ठरवली आहे. तणनाशक मारणं त्याहून वाईट. केंद्र सरकारने २०२२ मध्ये ग्लायफोसेटचा वापर कीडनियंत्रण व्यावसायिकांपुरता मर्यादित केला, आणि यवतमाळात २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-मजूर गेले, ते विदर्भाने विसरण्यासारखं नाही. मालकाची लेखी परवानगी नसताना आत शिरून कापणंही टाळा. उद्या तोच तुमच्यावर तक्रार करू शकतो. रानात उगवलेलं सुबाभूळ किंवा कडुनिंबाचं झाड तोडायचं असेल तर १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घ्यावी लागते, मालकालासुद्धा.

मालकाचा फोन लागला तर मात्र आधी बोलून बघा. दूर राहणाऱ्या बऱ्याच मालकांना आपल्या प्लॉटची अवस्था माहीतच नसते, आणि "मी पैसे पाठवतो, तुम्ही माणूस लावा" असं उत्तरही येतं. ते व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या, तीच परवानगी.

सप्टेंबरमध्ये जागं होणं

गाजरगवत पाऊस पडताच उगवतं, महिन्या-दीड महिन्यात फुलतं आणि एक रोप हजारो बिया टाकतं. फुलल्यावर कापलं तर पुढच्या वर्षाचं पीक पेरून झालेलं असतं. म्हणून पहिली तक्रार मे महिन्यात, प्लॉट कोरडा आणि कचरा उघडा दिसत असताना. दुसरी जुलैत, फुलं येण्याआधी, आणि ती "मुळासकट उपटावे" अशी. ओल्या मातीत ते सहज निघतं, पण हातमोजे आणि तोंडाला रुमाल हवाच. अंगाला खाज आणि दम्याचा त्रास त्याच्याने होतो. जबलपूरची तण संशोधन संस्था १६ ते २२ ऑगस्ट हा गाजरगवत जागृती सप्ताह पाळते. त्या आठवड्यात शाळा-महाविद्यालयांना हाताशी धरणं सोपं जातं. सगळंच रान वाईट नसतं, हेही सांगतो. आपल्याकडे भाजी होणारा तरोटा गाजरगवताला दाबतो. तो ठेवायला हरकत नाही.

पोच न घेणं

महापालिकेच्या अ‍ॅपवर तक्रार टाकली, "निराकरण झाले" असा संदेश आला आणि प्लॉट जसाच्या तसा, हा अनुभव अनेकांचा आहे. अ‍ॅपचा क्रमांक ठेवा, पण झोन कार्यालयात लेखी पत्रही द्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांकासह शिक्का घ्या. पत्रात मागणी स्पष्ट असू द्या: मालकास नोटीस द्यावी, मुदतीत साफ न केल्यास मनपाने साफ करून खर्च वसूल करावा, कुंपण घालण्यास सांगावे. जुन्या नमुन्यांतली १९४८ च्या नागपूर महानगरपालिका कायद्याची कलमं उतरवू नका. तो कायदा रद्द होऊन आता १९४९ चा महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम लागू आहे. प्लॉटवर रस्त्यालगत उघडी विहीर किंवा खोदलेला पाया असेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे कुंपणाची मागणी करता येते. मूल पडायची वाट बघू नका.

महिना उलटूनही हालचाल नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज: दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. "का केलं नाही" असं विचारू नका, ते कारण विचारणं ठरतं आणि अर्ज टोलवला जातो. अमुक आवक क्रमांकाच्या पत्रावर काढलेल्या नोटिशीची, पाहणी अहवालाची आणि वसुलीच्या नोंदीची प्रत मागा. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर त्यापुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील.

नोटीस निघाली की तिचा जावक क्रमांक टिपून ठेवा. पुढच्या मे महिन्यातल्या पत्राला तीच प्रत जोडायची आहे.