चुंबक लावला की घट्ट होणारं तेल

भोसरीच्या एका कारखान्यात मी बावीस वर्षं सरफेस ग्राइंडर, म्हणजे धातू घासून सपाट करणारं यंत्र, चालवला. हे तेल घरी करायला लोखंडाची भुकटी लागते. ग्राइंडरवर पडणारी भुकटी फुकट मिळते, म्हणून पहिल्यांदा तीच घरी आणली. घासताना थंडाव्यासाठी सोडतात त्या कूलंटच्या ओलीने दोन दिवसांत गंजून तिची ढेकळं झाली, शिवाय घासणाऱ्या चाकाची कचकचही त्यात होतीच. तेव्हा प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानातून लोखंडाची कोरडी, अगदी बारीक भुकटी घ्या.

चुंबकासाठी बुधवारी किंवा रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात चक्कर मारा. फुटक्या स्पीकरचा गोल चुंबक छान चालतो. घरी आल्याबरोबर तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला. उघड्या चुंबकाला भुकटी चिकटली, की ती निघता निघत नाही.

प्लॅस्टिकच्या वाटीत ५० ग्रॅम भुकटी घ्या. स्टीलची वाटी नको, काही स्टील चुंबकाला ओढलं जातं. शिलाई मशीनचं तेल साधारण १५ मिली लागेल, पण एकदम ओतू नका. थेंब थेंब घालत घोटा. श्रीखंडापेक्षा पातळ आणि बासुंदीपेक्षा दाट झालं की थांबा. सगळी मेख या दाटपणात आहे. पातळ झालं तर पकडच येत नाही.

आता त्यात आइस्क्रीमची काडी उभी धरा, वाटीखाली चुंबक आणा आणि हात सोडा. काडी उभीच राहते! चुंबक काढला की हळूहळू कलते. कारण बघायचं असेल तर पांढऱ्या बशीत दोन थेंब घ्या, त्यात भरपूर तेल मिसळा आणि बाजूने चुंबक जवळ न्या. भिंगातून केसांसारख्या रेघा दिसतील. लोखंडाचे कण एकामागे एक साखळीने उभे राहतात. काडीला पडायचं तर या साखळ्या तोडाव्या लागतात.

अमेरिकेत जेकब रॅबिनो यांनी १९४० च्या दशकात याच गुणावर क्लच बनवला. आज काही गाड्यांच्या शॉकअॅब्सॉर्बरमध्ये असंच तेल असतं. तिथे चुंबकाचं काम तारेची कॉइल करते. तिच्यातला करंट बदलला, की काही मिलिसेकंदांत ते कडक किंवा सैल होतं.

चुंबक जवळ नेल्यावर तेलाला काटे कधी येणार, म्हणून मुलं विचारतात. ते काट्यांचं फेरोफ्लुइड वेगळं, त्यातले कण साधारण १० नॅनोमीटरचे, आपल्या भुकटीपेक्षा कितीतरी बारीक. आपलं तेल काटे दाखवण्यापेक्षा घट्ट होतं.

रात्रभरात लोखंड तळाशी बसेल. वाटाण्याएवढं ग्रीस घोटून घातलं तर जरा उशिरा बसतं. वापरण्याआधी तळापासून ढवळा. टाकायचं झालं तर मोरीत ओतू नका, वर्तमानपत्रात टिपून घ्या.