‘शब्द ओळखा’ खेळात अक्षर घेण्याची तयारी: आदल्या दिवशी काय काय तपासायचं

सुट्टीतल्या वर्गात मुलांकडून पायथनमध्ये ‘शब्द ओळखा’ हा खेळ करून घेणार असाल, तर ही तयारी आदल्या दिवशीच संपवा. खेळ साधा आहे: संगणक एक शब्द लपवतो, खेळाडू एकेक अक्षर सांगतो, चुकलं की एक जीव जातो. सगळ्या मशीनवर पायथन ३ आहे का, मराठी कीबोर्ड बसवलाय का, हे तुम्ही बघालच. शब्द कोल्हापूरचेच घ्या: रंकाळा, पन्हाळा, जोतिबा, खासबाग, गुऱ्हाळ. ओळखीचा शब्द असला की पोरांचं लक्ष शब्दात अडकत नाही, कोडकडे राहतं.

पहिली गोष्ट, रिकामा एंटर. मागच्या खेपेला नेमकं हेच राहिलं होतं, म्हणून यादीत सगळ्यात वर. खेळाडू काहीच न लिहिता एंटर दाबतो आणि इनपुट फंक्शन रिकामी स्ट्रिंग (एकही चिन्ह नसलेला मजकूर) हातात देतं. आता ‘हे शब्दात आहे का’ असं ‘इन’ वापरून विचारलंत की पायथन म्हणतो, आहे. गुऱ्हाळमध्ये आहे, पन्हाळ्यात आहे, कुठल्याही शब्दात आहे, कारण रिकामी स्ट्रिंग प्रत्येक स्ट्रिंगचा भाग धरली जाते. पटत नसेल तर गुऱ्हाळ या स्ट्रिंगवर काउंट लावून रिकामी स्ट्रिंग किती वेळा सापडते ते विचारा. उत्तर ८ येतं. मग खेळ ‘बरोबर!’ म्हणतो, शब्द मात्र एका अक्षरानंही उघडत नाही आणि जीवही जात नाही. कुणी एंटर धरून ठेवलं की पडदाभर ‘बरोबर’ वाहत राहतं. एखाद्यानं इनपुटमधलं पहिलं अक्षर शून्याव्या जागेवरून उचललं असेल तर तिथे इंडेक्स एरर येऊन खेळच बंद पडतो. शब्दातली चिन्हं सुटी करून त्यांच्या यादीत शोधलं असेल तर ‘नाही’ असं उत्तर येतं आणि नुसत्या एंटरला एक जीव जातो. तीन मुलांच्या तीन कोडमध्ये तीन वेगळी दुखणी दिसतात आणि मूळ एकच असतं. तुम्हाला ते आधी माहीत नसेल तर तास त्यातच जातो.

शब्दांची फाइल उघडताना एन्कोडिंग (अक्षरं बाइटमध्ये कुठल्या पद्धतीनं साठवलीत ते) स्वतः सांगा. बहुतेक विंडोज मशीनवर न सांगता उघडली तर पायथन जुनं १२५२ कोडपेज धरतो, आणि त्यात हलंताचा शेवटचा बाइट बसतच नाही. त्यामुळे ‘रंकाळा’ची नुसती कचरा-अक्षरं होतात, पण ‘पन्हाळा’ आला की थेट युनिकोड डिकोड एरर. ‘यूटीएफ-८-सिग’ असं लिहा, नुसतं ‘यूटीएफ-८’ नको. नोटपॅडमध्ये ‘विथ बॉम’ निवडून फाइल साठवली गेली असेल तर पहिल्या शब्दाआधी एक अदृश्य चिन्ह बसतं, ‘सिग’ ते काढून टाकतं. स्ट्रिपनं (कडेच्या मोकळ्या जागा काढणाऱ्या फंक्शननं) ते जात नाही.

याच फाइलच्या तळाशी पुन्हा तोच रिकामा शत्रू बसलेला असतो. शेवटच्या शब्दानंतर कुणीतरी एंटर जास्तीचं दाबलेलं असतंच. ती रिकामी ओळ शब्द म्हणून निवडली गेली की खेळ सुरू होण्याआधीच जिंकला जातो, कारण ‘सगळी अक्षरं उघडली का’ हे ‘ऑल’नं तपासताना यादीत काहीच नसलं तर पायथन ‘हो’ म्हणतो. म्हणून फाइलमधल्या प्रत्येक ओळीला स्ट्रिप लावा आणि उरलेलं रिकामं असेल तर टाकून द्या. शब्दासोबत संकेत देणार असाल (‘खासबाग’पुढे उभी रेघ आणि ‘शाहू महाराजांनी बांधून घेतलेलं कुस्तीचं मैदान’) तर रेघेवर तोडल्यावर दोन्ही तुकड्यांना वेगवेगळं स्ट्रिप लावा.

आता खरं काम. ‘एक अक्षर’ म्हणजे काय, हे वर्गाआधी ठरवा. इंग्रजी उदाहरणं बघून ‘लेन (पायथननं मोजलेली लांबी) एक असली पाहिजे’ असं लिहून मोकळं होता येत नाही. आपण ‘कोल्हापूर’ वाचतो तेव्हा चार अक्षरं दिसतात: को, ल्हा, पू, र. पायथन मात्र ९ मोजतो: क, ओकाराची मात्रा, ल, हलंत, ह, काना, प, दीर्घ उकार, र. युनिकोडमध्ये (संगणकावर प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत) मात्रा आणि हलंत ही स्वतंत्र चिन्हं आहेत. नऊ तुकडे मध्ये जागा सोडून छापले तर मात्रा सुट्या पडून ठिपक्यांच्या वर्तुळाला चिकटलेल्या दिसतात. अट ‘लेन एक’ ठेवली तर ‘को’ लिहिणाऱ्या मुलाला खेळ सांगतो की हे एक अक्षर नाही. ‘हे अक्षर आहे का’ विचारणारं इजआल्फा लावलं तर तोही ‘को’ला नाही म्हणतो, कारण मात्रा त्याच्या लेखी अक्षर नाही. मराठी शिकलेल्या पोराला ‘को’ हे अक्षर नाही असं सांगायचं? तसं करू नका.

शब्दाचे तुकडे स्वतः पाडा, चार ओळींत होतं. डावीकडून एकेक चिन्ह घ्या. युनिकोडडेटा मॉड्यूलमधलं कॅटेगरी फंक्शन ‘एम’नं सुरू होणारा प्रकार सांगत असेल (मात्रा, अनुस्वार, हलंत सगळे त्यात येतात) तर आधीच्या तुकड्याला जोडा. आधीचा तुकडा हलंतावर, म्हणजे २३८१ क्रमांकाच्या चिन्हावर संपत असेल तरी जोडा. नाहीतर नवा तुकडा सुरू करा. मजकुराचे तुकडे पाडणाऱ्या तयार रेगेक्स मॉड्यूलवर विसंबू नका. जोडाक्षर एकसंध धरायचा नियम युनिकोडमध्ये १५.१ या आवृत्तीत, २०२३ साली आला, त्यामुळे जुन्या मशीनवर ‘ल्’ आणि ‘हा’ वेगळे पडतात आणि नव्यावर नाही.

पण खेळाडूला पूर्ण अक्षर ओळखायला लावू नका. ३४ व्यंजनं आणि प्रत्येकाची बाराखडी धरली तरी ४०८ अक्षरं होतात, जोडाक्षरं वेगळीच. आठ जीवांत कोण ओळखणार? खेळाडूनं फक्त मूळ व्यंजन किंवा स्वर सांगावा आणि ‘क’ला ‘को’ पूर्ण उघडावा. त्यासाठी प्रत्येक तुकड्यातली इजआल्फाला ‘हो’ म्हणणारी चिन्हं वेगळी काढून त्यांचा सेट (संच) करा. ‘रं’चा सेट र, ‘ल्हा’चा सेट ल आणि ह. हा सेट सांगितलेल्या अक्षरांच्या सेटमध्ये पूर्ण बसला की तुकडा उघडायचा. म्हणजे ल्हा उघडायला ल आणि ह दोन्ही लागतात. एकच सापडलं असेल तर ‘जोडाक्षरात आहे’ एवढं सांगा, अर्धं अक्षर छापू नका, फार विचित्र दिसतं. ‘बिंदू चौक’मधल्या जागेचा सेट रिकामा असतो, आणि रिकामा सेट प्रत्येक सेटमध्ये बसतो, म्हणून ती जागा आपोआप उघडी राहते. रिकामेपणाचा तोच नियम इथे मात्र उपयोगी पडतो. मुलांना दोन्ही उदाहरणं शेजारी ठेवून दाखवा, चांगलं कळतं.

गुऱ्हाळ हा शब्द मुद्दाम यादीत ठेवा, कारण तो डोळ्यांना फसवतो. त्यातला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट धरून जे दाबलं की ऱ येतो आणि पुढे हलंत. असा शब्द ७ चिन्हांचा होतो. काही कीबोर्ड साधा र, हलंत आणि त्यामागे एक अदृश्य जोडचिन्ह (क्रमांक ८२०५) घालतात. मग तोच शब्द ८ चिन्हांचा. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, तुलना केली की पायथन ‘वेगळे’ म्हणतो. म्हणून र-हलंत-८२०५ या तिघांच्या जागी ऱ-हलंत रिप्लेस करा, आणि त्यानंतरच उरलेली ८२०४ व ८२०५ पुसा. उलट केलंत तर रफार तयार होऊन शब्द बिघडतो. सेट करताना मात्र ऱ ला र समजा, नाहीतर र सांगूनही गुऱ्हाळ उघडणार नाही. ॲ हेही एक चिन्ह किंवा अ अधिक चंद्र असं दोन प्रकारे लिहिलेलं सापडतं, आणि एकाच चिन्हाची वेगळी रूपं जुळवणारं नॉर्मलाइज फंक्शन ते एक करत नाही. ‘ॲप’सारखे शब्द घेणार असाल तर तेही रिप्लेसनं एक करा. नको असतील तर सोडा.

खेळाडूच्या इनपुटची सफाई याच क्रमानं, एकाच फंक्शनमध्ये: जोडचिन्हं, मग स्ट्रिप, मग फक्त इजआल्फावाली चिन्हं ठेवा. आणि रिकामं आहे का, हे सगळ्यात शेवटी तपासा. पुन्हा सांगणं भाग आहे, शेवटी. बहुतेक जण ही अट इनपुटच्या लगेच खाली लिहितात. तिथे नुसता एंटर पकडला जातो, पण स्पेसबार दाबून एंटर केलं तर स्ट्रिंग रिकामी नसते, स्ट्रिपनंतर होते. कुणी एकटी मात्रा लिहिली, ‘५’ लिहिलं, प्रश्नचिन्ह लिहिलं, एखाद्या कीबोर्डनं नुसतं अदृश्य चिन्ह पाठवलं, तरी गाळून रिकामंच उरतं. अट वर असेल तर हे सगळे तिच्या खालून निसटतात आणि पुन्हा तोच ‘बरोबर!’चा पूर. अट खाली असेल तर एकच ओळ सगळ्यांना धरते. रिकामं निघालं तर ‘एक अक्षर लिहा’ म्हणा आणि कंटिन्यूनं परत विचारा. जीव कापू नका.

रिकामं नसेल तर उरलेली चिन्हं मोजा. ‘को’मधून एकच क उरतो, तो घ्या. ‘ल्हा’तून दोन उरतात, ‘एकच सांगा’ म्हणा. मग त्या चिन्हाचा ऑर्ड, म्हणजे युनिकोड क्रमांक, देवनागरीच्या २३०४ ते २४३१ मध्ये आहे का बघा. नसेल तर कीबोर्ड इंग्रजीवर राहिलाय, संदेशात तेच सांगा. नुसतं ‘चूक’ म्हटलं तर मूल तीच कळ पुन्हा दाबत बसतं. त्यानंतर ‘आधी सांगितलंय का’ तपासा, आणि इथेही जीव कापायचा नाही. जीव कमी करणारी ओळ अख्ख्या कोडमध्ये एकाच जागी हवी, सगळ्या तपासण्यांच्या खाली. दोन ठिकाणी दिसली तर एक खोडायला लावा.

‘पुन्हा खेळायचं?’ या प्रश्नालाही हेच सफाईचं फंक्शन, आणि रिकामं आलं तर तिथेही परत विचारा. कंट्रोल-सीवर लाल एरर येते ती पकडून ‘खेळ थांबवला’ छापा. खेळ आयडलमध्ये (पायथनसोबत येणाऱ्या खिडकीत) चालवा, विंडोजच्या काळ्या खिडकीत जोडाक्षरं नीट दिसतील याचा भरवसा नाही.

शेवटी गुऱ्हाळ पक्का करून हाताने हे टाइप करून बघा: एंटर, स्पेस आणि एंटर, एकटा काना, ५, इंग्रजी के, ल्हा. यांत एकही जीव जाता कामा नये आणि एकदाही ‘बरोबर’ येता कामा नये. मग र: संदेश जोडाक्षराचा, उघडत काही नाही. मग ह: ऱ्हा उघडला पाहिजे. परत ह: जीव तेवढेच. मग प: एक जीव कमी. आणि मग पुन्हा एकदा नुसता एंटर.